अर्बुदाचें मर्मस्थान

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड ह्या चार रोगांना मिळून एक अध्याय दिलेला आहे. खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी मांसाची गांठ असें अर्बुदाचें वर्णन तेथें सांपडतें. आणि चिकित्सेच्या प्रकरणांत शस्त्र, क्षार व अग्नि हे उपाय सांगून, अर्बुदाचा थोडा जरी अंश मागें राहिला तरी तें पुन्हां वाढतें, अशी सूचनाहि दिली आहे. आज ज्याला आपण कर्करोग म्हणतों तोच हा रोग, असा आमचा आग्रह नाहीं. आपल्याकडे सर्व कांहीं पूर्वींच होतें असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तींत बसण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु कापावें, जाळावें किंवा दाहक द्रव्य लावावें ह्या त्रयीच्या पलीकडे जाण्यास मनुष्यजातीला त्यानंतर फार काळ लागला, एवढें मात्र खरें.

विसाव्या शतकांत शस्त्र अधिक कुशल झालें, अग्नीची जागा किरणांनीं घेतली आणि क्षाराच्या ठिकाणीं विषारी औषधें आलीं. ह्या औषधांचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडलेल्या मस्टर्ड वायूनें रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होतात असें दिसून आलें होतें. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत त्याच कुळांतील नायट्रोजन मस्टर्ड हें द्रव्य लसीकाग्रंथींच्या कर्करोगानें पीडित अशा एका रुग्णास टोंचण्यांत आलें, आणि त्याच्या गांठी कांहीं काळ विरघळल्या. पुढें अशीं अनेक औषधें निघालीं व त्यांनीं असंख्य प्राण वांचविले, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्यांची दृष्टि आंधळी. जी पेशी भराभर दुभंगते ती शत्रु, एवढीच त्यांची ओळख. मग केसांच्या मुळांतील, आंतड्याच्या अस्तरांतील व अस्थिमज्जेंतील निरुपद्रवी पेशीहि त्या तडाख्यांत सांपडतात. घरांत असे उपचार चालूं असतांना ज्यांनीं रुग्णाची उशी झटकली आहे, त्यांस ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

तेव्हां प्रश्न असा कीं, शत्रूला नांवानिशीं ओळखील असें औषध मिळेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत 'होय, कांहीं ठिकाणीं' असें मिळालें आहे; आणि नवल हें कीं, शत्रूचें मर्म त्याच्या बलांतच सांपडलें. भस्मासुराला ज्या वरानें सामर्थ्य आलें त्याच वरानें त्याचा घात झाला, तसाच हा प्रकार. तो नीट समजण्यासाठीं थोडें मुळापासून सांगणें अवश्य आहे. शास्त्राची परिभाषा आम्ही शक्य तितकी कमी वापरूं.

आपल्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत एक पोथी असते अशी कल्पना करावी. तिची वर्णमाला अवघ्या ४ अक्षरांची, परंतु एकंदर अक्षरसंख्या सुमारें ३०० कोटि. ही पोथी २३ खंडांची असून प्रत्येक खंडाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. ह्या खंडांना गुणसूत्रें म्हणतात. तीं एकंदर ४६ आहेत ही साधी गोष्ट निश्चित व्हावयास देखील १९५६ साल उजाडावें लागलें. खंडांतील एकेका आज्ञेस जनुक म्हणतात. प्रथिनें घडविणारीं अशीं जनुकें सुमारें २०,००० आहेत. पेशी दुभंगते तेव्हां सबंध पोथीची नक्कल करावी लागते, आणि नक्कल म्हटली कीं लेखकप्रमाद आलाच. ह्या प्रमादालाच उत्परिवर्तन असें जड नांव आहे. दंत्य 'स'च्या जागीं तालव्य 'श' पडला तर 'सकल'चें 'शकल' होतें, म्हणजे संपूर्णाचा तुकडा होतो. आणि 'स्वजना'चा 'श्वजन', म्हणजे आप्ताचा कुत्रा होतो. संस्कृताच्या पहिल्या वर्गांत ह्या जोड्या सांगून आम्हीं कैक वर्षें मुलांना हसविलें आहे. शरीराच्या पोथींतहि बहुतेक चुका निरर्थक जातात, पुष्कळशा दुरुस्त होतात, आणि एखादीच अशी पडते कीं स्वजनाचा श्वजन होतो.

अशा घातक चुका दोन जातींच्या असतात, व पुढील विवेचन ह्या भेदावरच उभें असल्यामुळें तो ध्यानांत ठेवावा. एका जातींत 'वाढ' अशी आज्ञा देणारें जनुक बिघडून अहोरात्र तीच आज्ञा देत सुटतें. दुसऱ्या जातींत 'थांब' म्हणणारें किंवा पोथीची दुरुस्ती करणारें जनुकच निकामी होतें. पहिल्या ठिकाणीं कांहींतरी अधिक झालेलें असतें; दुसऱ्या ठिकाणीं कांहींतरी नाहींसें झालेलें असतें. जें अधिक झालें तें बंद पाडण्याचा विचार तरी करतां येतो. परंतु जें मुळांत उरलेंच नाहीं त्यावर औषध कसलें चालवावयाचें? ह्या दुसऱ्या कोड्याकडे आपण मागाहून वळूं.

कर्करोगाचें मूळ गुणसूत्रांच्या बिघाडांत असावें, असा तर्क थिओडोर बोव्हेरी ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें १९१४ सालीं प्रसिद्ध केला होता. समुद्रांतील कांटेरी प्राण्यांच्या अंड्यांचें निरीक्षण करणाऱ्या ह्या गृहस्थाचें म्हणणें त्या वेळीं फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पुरावा मिळाला तो १९६० सालीं, फिलाडेल्फिया शहरांत. तेथें पीटर नॉवेल हे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी पाहत असतां काचपट्टी नळाच्या साध्या पाण्यानें धुवीत. त्या पाण्यानें पेशी फुगून आंतील गुणसूत्रें सुटीं सुटीं पसरत. त्यांच्या जोडीला डेव्हिड हंगरफर्ड हा गुणसूत्रांचा अभ्यास करणारा तरुण आला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया नांवाच्या रोगानें आजारी असलेल्या माणसांच्या रक्तपेशींत एक गुणसूत्र नेहमींपेक्षां फारच आंखूड आहे, असें ह्या दोघांस आढळलें. ह्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, प्लीहा फुगते. रोगी कांहीं वर्षें हिंडत-फिरत राहतो आणि मग रोग एकाएकीं उग्र रूप धारण करून त्याला घेऊन जातो. त्या आंखूड गुणसूत्रास शहराच्या नांवावरून 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' असें म्हणूं लागले.

गुणसूत्र आंखूड झालें खरें, पण तुटलेला भाग गेला कोठें? ह्याचा उलगडा ज्या बाईनीं केला त्यांची हकीकत आमच्या वाचक भगिनींस विशेष आवडेल. शिकागोच्या डॉ. जॅनेट राऊली ह्या चार मुलांच्या आई. मुलें लहान होतीं तोंवर त्या आठवड्यांतून कांहीं दिवसच काम करीत. गुणसूत्रांचीं छायाचित्रें त्या घरीं आणीत, जेवणाच्या मेजावर पसरीत, आणि कात्रीनें एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावीत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलें त्यांची थट्टा करीत. त्या मेजावरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, २२ व्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा ९ व्या गुणसूत्राच्या टोंकास जाऊन चिकटलेला आहे. अर्थात् ही नुसती मोडतोड नसून दोन खंडांतील पानांची अदलाबदल होती. १९७३ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें.

पुढील दहा-बारा वर्षांत त्या सांध्यावरचा मजकूर वाचण्यांत आला. ९ व्या खंडांतील एबीएल हें जनुक २२ व्या खंडांतील बीसीआर ह्या जनुकास जोडलें जाऊन त्या संधींतून मूळच्या दोघांहून निराळें असें तिसरेंच प्रथिन निर्माण होतें. एबीएलचें काम इतर प्रथिनांवर फॉस्फेटाचा शिक्का मारून त्यांना कामास लावण्याचें. निरोगी पेशींत ह्या शिक्केवाल्यास लगाम असतो. बीसीआर मानगुटीस बसलें कीं लगाम सुटतो आणि शिक्के अखंड पडत राहतात. १९९० सालीं हें जोडजनुक उंदरांच्या अस्थिमज्जेंत घातलें असतां त्यांना तसाच रोग झाला. म्हणजे हें नुसतें लक्षण नव्हे, हेंच कारण, अशी खात्री पटली.

शिक्क्यासाठीं लागणारें फॉस्फेट हें प्रथिन आपल्या अंगच्या एका खांचेंत घेतें. ती खांच बुजविली तर? कल्पना सोपी, परंतु आक्षेपहि तितकाच बिनतोड होता. मनुष्याच्या शरीरांत असे शिक्केवाले ५०० हून अधिक आहेत आणि त्या सर्वांच्या खांचा जवळजवळ सारख्या. एकाची बुजवूं जातां सगळ्यांच्या बुजतील आणि रोगाआधीं रोगीच जाईल. स्वित्झर्लंडांतील बाझल येथें सिबा-गायगी कंपनींत ॲलेक्स मॅटर, निकोलस लायडन व रसायनज्ञ युर्ग झिमरमान ह्यांनीं तरीहि चिकाटी धरली. त्यांनीं तयार केलेला रेणु हें प्रथिन मिटलेल्या स्थितींत असतांना खांचेंत शिरतो आणि त्याला पुन्हां उघडूंच देत नाहीं. ती मिटलेली घडण एकेकाची निराळी असल्यामुळें इतर बहुतेक शिक्केवाले सुटतात. अमेरिकेंतील ऑरेगन येथले डॉ. ब्रायन ड्रुकर ह्यांनीं तो रेणु रोगट पेशींवर घालून पाहिला. त्या मेल्या व निरोगी पेशी तगल्या. हें १९९६ सालीं छापून आलें. ह्या रोगाचे रोगी थोडे, तेव्हां औषधास गिऱ्हाईक किती मिळणार, ह्या विवंचनेंत कंपनी कांहीं काळ अडून बसली होती, आणि ड्रुकर ह्यांना तिच्या दारीं वारंवार खेटे घालावे लागले. अखेर १९९८ च्या जूनमध्यें मनुष्यांवर प्रयोग सुरू झाला. जुन्या औषधांनीं हात टेकलेल्या ज्या ५४ रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळाली, त्यांपैकीं ५३ जणांच्या रक्तांतील पेशींचें प्रमाण पूर्ववत् झालें. औषध तोंडानें घ्यावयाचें, घरीं बसून. इमॅटिनिब असें त्याचें नांव. मे २००१ मध्यें अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. ज्यांना आरंभापासून हेंच औषध देण्यांत आलें अशा रुग्णांपैकीं दहा वर्षांनंतर शंभरांत सुमारें ८३ हयात होते. त्यापूर्वीं ह्या रोगांत वैद्य तीन ते पांच वर्षांची गोष्ट बोलत.

येथें विचारी वाचक विचारील कीं, निरोगी पेशींतहि एबीएल असतेंच. तें बंद पडून त्यांचें कसें भागतें? ह्याचें उत्तर आमच्या वाचकांच्या घरांतच आहे. भरल्या घरांत एक कर्ता आजारी पडला तर दुसरा बाजारहाट पाहतो, तिसरा शेताकडे जातो. संसार अडत नाहीं. निरोगी पेशीचें तसें आहे. तिच्या कामाच्या वाटा अनेक. कर्करोगाच्या पेशीनें मात्र एका उन्मत्त आज्ञेवर सगळा संसार उभा केलेला असतो आणि बाकीच्या वाटा मोडून गेलेल्या असतात. ती आज्ञा थांबतांच ती उभी राहूं शकत नाहीं. बर्नार्ड वाइनस्टाइन ह्या शास्त्रज्ञानें २००२ सालीं ह्या स्थितीला पेशीचें 'व्यसन' असेंच नांव दिलें.

परंतु शत्रु लेखकप्रमादांतूनच जन्मला असल्यामुळें त्याचे प्रमाद थांबत नाहींत. कांहीं रुग्णांत औषध चालूं असतां रोग उलटला, तेव्हां २००१ सालींच असें दिसलें कीं, त्या खांचेच्या तोंडाशीं ३१५ व्या स्थानावरचा एकच घटक बदलला आहे आणि औषधाला आंत शिरण्यास जागाच उरलेली नाहीं. मग डासॅटिनिब आलें, निलोटिनिब आलें. त्यांनाहि तो बदल दाद देईना. २०१२ सालीं पोनॅटिनिब आलें तें त्या बदलाला पुरून उरलें, पण त्याचे रक्तवाहिन्यांवरील दुष्परिणाम गंभीर निघाले.

आपल्या देशापुरती ह्या औषधाची एक स्वतंत्र कथा आहे, आणि ती न्यायालयांतील आहे. इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर मूळ कंपनीनें, म्हणजे विलीनीकरणानंतरच्या नोव्हार्टिसनें, भारतांत एकस्व मागितलें. ज्ञात द्रव्याचें नवें रूप अधिक गुणकारी असल्याविना एकस्वास पात्र नाहीं, असें आपल्या कायद्याचें कलम ३ (ड) सांगतें. त्याच्या आधारें चेन्नईच्या कार्यालयानें २००६ सालीं अर्ज नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तो निर्णय कायम केला. त्या काळीं छापून आलेल्या आंकड्यांप्रमाणें मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारें १ लाख २० हजार रुपये, तर देशी कंपन्यांच्या गोळ्यांचा सुमारें ८ ते १० हजार. संशोधनाचा खर्च कोणीं भरावा हा प्रश्न लहान नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण जी गोळी जन्मभर घ्यावयाची तिच्यापायीं घर विकावें लागणें हें आमच्या मतें औषधच नव्हे.

आतां त्या दुसऱ्या कोड्याकडे येऊं. जें जनुक नष्टच झालें आहे त्याच्यावर औषध कसें चालवावें? ह्याची किल्ली सांपडली ती फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांत. १९२२ सालीं कॅल्व्हिन ब्रिजेस ह्यांस असें दिसलें होतें कीं, कांहीं दोष एकेकटे असतां चिलट जगतें, परंतु दोन्ही एकत्र आले कीं मरतें. म्हणजे पेशींत आधींच एक दोष असेल, तर दुसरा दोष औषधानें मुद्दाम उत्पन्न करावा. निरोगी पेशी तो एकटा सोसेल, रोगट पेशीला मात्र दोन्ही भोंवतील. पुन्हां पोथीकडेच चला. पोथीची निगा राखणारे दोन शास्त्री आहेत असें समजा. पहिला लहानसहान चिरा सांधतो. त्याचें नांव पार्प. दुसऱ्याकडे पान आरपार फाटलें तरच जावयाचें. तो नुकत्याच झालेल्या दुसऱ्या नकलेशीं ताडून पान जसेंच्या तसें उभें करतो. बीआरसीए १ व बीआरसीए २ हीं जनुकें ह्या दुसऱ्याच्या घरचीं. ज्या स्त्रियांच्या पोथींत ह्यांपैकीं एका जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते, त्यांच्या साऱ्या शरीराचें काम उरलेल्या चांगल्या प्रतीवर भागतें; एखाद्या पेशींत तीहि बिघडली म्हणजे चुका सांचत जाऊन स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग उद्भवतो. अशा गांठींत दुसरा शास्त्री उरलेला नसतो. आतां पहिल्यालाहि औषधानें जागच्या जागीं जखडून टाकलें, तर सांधल्यावांचून राहिलेली लहान चीर पुढच्या नकलेच्या वेळीं आरपार फाटते, ती नीट करणारा कोणी नसतो, आणि पेशी मरते. शेजारच्या निरोगी पेशींत दुसरा शास्त्री शाबूत असल्यामुळें त्या बहुतांशीं निभावतात. २००५ सालीं शेफील्ड व लंडन येथील दोन मंडळांनीं हें एकाच वेळीं दाखविलें. ओलॅपॅरिब हें ह्या वर्गांतील पहिलें औषध २०१४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत मान्य झालें. बीआरसीएच्या दोषामुळें झालेल्या, पसरलेल्या अंडाशयकर्करोगांत प्रथमच्या उपचारांनंतर हें औषध दोन वर्षें दिलें असतां, पांच वर्षांनीं शंभरांत ४८ स्त्रियांचा रोग उलटलेला नव्हता. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्यांत हा आंकडा २१ होता.

ह्या औषधालाहि शत्रूनें तोड काढली, आणि ती तर फारच विलक्षण. कांहीं गांठींत मूळच्या अशुद्धावर दुसरें अशुद्ध असें पडतें कीं पाठ पुन्हां शुद्ध होतो! दुसरा शास्त्री घरीं परत येतो आणि औषधाचा जोर ओसरतो.

फुप्फुसाच्या कर्करोगांत ईजीएफआर नामक जनुकांतील दोष २००४ सालीं सांपडला; कधींहि धूम्रपान न केलेल्या आशियांतील स्त्रियांत तो विशेष आढळतो व त्यावरहि गोळ्या आहेत. तथापि 'दोष सांपडला कीं औषध लागू' असा जो सूर वर्तमानपत्रांत निघतो, तो आम्हांस पटत नाहीं. बीआरएएफ जनुकांतील एक बदल त्वचेच्या मेलॅनोमा नांवाच्या कर्करोगांत व मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत अक्षरशः एकच असतो. २०११ सालीं आलेल्या औषधानें त्वचेच्या गांठी वितळल्या, आंतड्याच्या जवळजवळ हालल्याहि नाहींत. आंतड्याच्या पेशीला दुसरी एक वाट तत्काळ उघडतां येते. तीहि दुसऱ्या औषधानें अडविली तेव्हां कांहीं गुण आला. आणि पी-५३ सारखीं, निम्म्याच्या आसपास कर्करोगांत बिघडलेलीं रक्षक जनुकें तर अद्यापि औषधांच्या टप्प्यांत नीटशीं आलेलीं नाहींत.

घरच्या माणसांच्या दृष्टीनें एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. गांठीची तपासणी करावी असें डॉक्टर सुचवितात तेव्हां पुष्कळ घरांत पहिली भीति वाटते ती मुलींच्या लग्नाची: हा दोष वंशांत आहे असें ठरलें तर? वस्तुतः गांठींतील बहुतेक दोष त्या व्यक्तीच्या आयुष्यांत, त्या एका पेशीच्या कुळांत उत्पन्न झालेले असतात. फिलाडेल्फिया गुणसूत्र आईबापांकडून येत नाहीं व मुलांकडे जात नाहीं. बीआरसीएचें तसें नाहीं. तो दोष जन्मतःचा असल्यास प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याचा संभव निम्मा. बीआरसीए १ चा दोष असलेल्या स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारें ७२ जणींना व बीआरसीए २ असलेल्यांपैकीं ६९ जणींना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असें २०१७ सालच्या एका मोठ्या पाहणींत निघालें. अंडाशयाच्या बाबतींत ते आंकडे ४४ व १७ आहेत. आधीं ठाऊक असेल तर वेळच्या वेळीं तपासणी करतां येते, शस्त्रक्रियेनें धोका पुष्कळ कमी करतां येतो. झांकून ठेवल्यानें ह्यांतलें कांहींच होत नाहीं, दोष मात्र जावयाचा तेथें जातोच.

आपल्या घरांत कुलवृत्तांत छापण्याची मोठी हौस. गोत्र, मूळ गांव, इनामाच्या सनदा, पांच-सहा पिढ्यांच्या पुरुषांचीं नांवें, सारें कसें चोख. सुना मात्र 'अमक्यांची कन्या' एवढ्यावर आटोपतात, लेकी लग्न होतांच पानाबाहेर जातात, आणि कोण कशानें गेलें हें कोठेंच नसतें. सपिंडसंबंध मोजतांना शास्त्रकारांनीं वडिलांकडील सात व आईकडील पांच पिढ्या धरल्या. जनुकें असा भेद करीत नाहींत. हा दोष बापाकडूनहि तितकाच येतो, आणि बाप स्वतः निरोगी राहून तो मुलीस देऊं शकतो. म्हणून आत्या व आजी ह्यांची चौकशी मावशीइतकीच करावी लागते. जनुकपरीक्षेपूर्वीं डॉक्टर दोन्ही कुळांच्या तीन पिढ्या विचारतात. तेथें 'पोटाच्या विकारानें गेली' एवढें उत्तर पुरत नाहीं. मागच्या पिढींत अंडाशयाचा कर्करोग ह्याच तीन शब्दांखालीं कित्येकदां झांकला गेलेला आहे. कोणता विकार, कितव्या वर्षीं, एका बाजूस कीं दोन्ही, इतकें लागतें. आणि हें ठाऊक असणारी एखादी ऐंशी वर्षांची आत्या घरांत हयात असेल, तर तिच्याजवळ बसून तें आजच वहींत उतरवून घ्यावें.